रूट कॅनॉलमधील 'पाणी' : जंतुनाशक द्रावणांची खरी कसोटी

'रूट कॅनॉल' हा शब्द शहरी कुटुंबांत आता नवा राहिलेला नाही. दात ठणकू लागला आणि कीड दंतमज्जेपर्यंत, म्हणजे व्यवहारात ज्याला दाताची नस म्हणतात तिथपर्यंत, पोचली की दंतवैद्य हा उपचार सुचवितात. रुग्णाच्या लक्षात राहतात त्या बारीक सुयांसारख्या फाईल आणि शेवटी बसविलेली कॅप. मधल्या काळात सिरिंजने पुन:पुन्हा सोडले जाणारे, क्लोरिनच्या वासाचे 'पाणी' मात्र कोणाच्या खिजगणतीत नसते. वास्तविक दात टिकणार की पुन्हा सुजणार, हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरते.

या दुखण्याचे मूळ जंतूंत आहे, हे अमेरिकेतील काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड यांच्या १९६५ मधील प्रयोगाने नि:संशय दाखवून दिले. त्यांनी उंदरांच्या दाढा कोरून आतील मज्जा उघडी केली. नेहमीच्या उंदरांची मज्जा सडली, मुळाशी गळू झाले. संपूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढविलेल्या उंदरांच्या दाढांत मात्र अन्नाचे कण अडकूनही मज्जा जिवंत राहिली आणि जखमेवर नव्या दंतद्रव्याचा पूल तयार झाला. तेव्हा प्रश्न उरतो तो जंतू बाहेर काढण्याचा.

तो केवळ फाईलने सुटत नाही. मुळातील नलिका ही गोल, सरळ नळी नसते. ती कुठे चपटी, कुठे वाकडी असते. तिला फाटे फुटतात, आणि दाढेत दोन नलिकांना जोडणाऱ्या अरुंद भेगाही असतात. २००१ मध्ये सूक्ष्म सीटी स्कॅनच्या साह्याने झालेल्या अभ्यासात, कोणत्याही प्रकारची फाईल वापरली तरी नलिकेच्या भिंतीचा ३५ टक्के किंवा त्याहून अधिक भाग अस्पर्श राहतो, असे आढळले. शिवाय भिंतीत मिलिमीटरच्या एक ते अडीच हजारांश भाग रुंदीची असंख्य छिद्रे असतात. जंतूंना दडून बसायला तेवढी जागा पुरते.

स्वीडनमधील बिस्ट्रॉम व सुंडक्विस्ट यांनी १९८१ मध्ये नलिका फाईलने घासून केवळ सलाईनने धुतल्या. जंतू शंभर ते हजार पटींनी घटले, पण काही दातांत ते वारंवार सफाई करूनही उरलेच. पुढे याच जोडीने ०.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट वापरले, तेव्हा अधिक दात जंतुमुक्त झाले. हा फरक कागदोपत्री नाही. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधीलच पाहणीत, नलिका भरतेवेळी जंतू सापडले नव्हते असे ९४ टक्के दात बरे झाले. जंतू सापडलेल्यांपैकी ६८ टक्केच.

सोडियम हायपोक्लोराइट म्हणजे कपडे शुभ्र करणाऱ्या ब्लीचमधील मुख्य घटक. पहिल्या महायुद्धात डेकिन आणि कॅरेल यांनी सैनिकांच्या जखमा धुण्यासाठी त्याचे ०.५ टक्के द्रावण वापरात आणले. दंतवैद्यकात ०.५ पासून सुमारे ६ टक्क्यांपर्यंतची द्रावणे वापरली जातात. जंतू मारण्याबरोबरच मृत मज्जा विरघळविण्याचा गुण त्यात आहे, आणि तो नेहमीच्या अन्य कोणत्याही द्रावणात नाही. मात्र या झटापटीत त्यातील क्लोरिन झपाट्याने खर्ची पडतो. म्हणूनच तीव्रतेपेक्षा ताजे द्रावण भरपूर आणि वारंवार सोडणे महत्त्वाचे ठरते. उष्णता आणि उजेड यांनीही ते निकामी होत जाते. दवाखान्याच्या खिडकीत महिनोन्महिने उभ्या असलेल्या बाटलीचा भरवसा धरू नये. जोराने दाब देऊन ते मुळाच्या टोकाबाहेर गेले तर क्षणात असह्य वेदना, सूज आणि चेहऱ्यावर काळेनिळे डाग उद्भवतात. दाताभोवती रबराचा पडदा लावण्याचे एक कारण हेच, की द्रावण घशाकडे जाऊ नये आणि लाळेतले जंतू आत येऊ नयेत.

चूळ भरण्याच्या औषधामुळे परिचित असलेले क्लोरहेक्झिडीन नलिकेत २ टक्के तीव्रतेने वापरतात. ते दाताच्या भिंतीला चिकटून काही काळ काम करीत राहते, पण मेलेली मज्जा विरघळवू शकत नाही. हायपोक्लोराइटशी त्याचा थेट संबंध आला तर तपकिरी-नारिंगी साका बसतो व छिद्रे बुजतात. म्हणून मध्ये दुसऱ्या द्रवाने धुवावे लागते. तिसरे ईडीटीए. नॉर्वेच्या नीगार्ड-ऑस्टबी यांनी १९५७ मध्ये ते या उपचारात आणले. घासण्याने भिंतीवर साचणारा भुकट्याचा लेप ते काढते, आणि छिद्रांची तोंडे मोकळी करते. जंतुनाशक म्हणून ते दुबळे, आणि हायपोक्लोराइटमध्ये मिसळले तर त्यातला क्लोरिन संपवून टाकते. एकाच बाटलीत सर्व गुण, हे अजून तरी साधलेले नाही.

प्रयोगशाळांचे निष्कर्ष वाचताना सावधगिरी हवी. अपयशी रूट कॅनॉलमध्ये वारंवार सापडणारा एन्टेरोकॉकस फिकॅलिस हा चिवट जंतू संशोधकांचा विशेष आवडता. २०१० मध्ये भारतीय संशोधकांनी त्याच्या थरावर त्रिफळा व हरित चहाचे घटक आजमावले. दोन्हींचा परिणाम दिसला, पण सरस ठरले ते ५ टक्के हायपोक्लोराइटच. मुख्य म्हणजे बशीतला जंतू आणि दातातला जंतू यांत अंतर आहे. दातात तो चिकट थर करून राहतो. शिवाय दंतद्रव्याची भुकटीच अनेक औषधांची धार बोथट करते, असे फिनलंडच्या हापासालो यांनी २००० मध्ये दाखविले.

आणि द्रावण कितीही प्रभावी असले, तरी ते पोचले पाहिजे. साध्या सुईतून सोडलेला द्रव टोकापुढे जेमतेम एक-दोन मिलिमीटर जातो. मुळाच्या शेंड्याशी हवेचा बुडबुडा अडून बसतो. त्यासाठी बाजूला भोक असलेल्या बारीक सुया आणि द्रव ढवळणारी अल्ट्रासोनिक उपकरणे आली. यंत्रावर फिरणाऱ्या फाईलमुळे नलिका आता काही मिनिटांत रुंद होते. द्रावणाला लागणारा वेळ मात्र त्यामुळे कमी झालेला नाही. त्यामुळे काळजीपूर्वक काम करणाऱ्या दवाखान्यांत घासण्याचे काम संपल्यावरही बराच वेळ सिरिंज चालू असते, आणि 'डॉक्टर नुसतेच पाणी मारत बसलेत' असे खुर्चीतल्या रुग्णाला वाटत राहते.