'बॉय', भोई आणि मामा

दादरच्या पूर्वेला भोईवाडा आहे. तिथले न्यायालय आणि पोलीस ठाणे सर्वांना ठाऊक असते. पण नावातला हा भोई कोण, याचा विचार आपण क्वचितच करतो. पालखी किंवा मेणा खांद्यावरून वाहून नेणारा तो भोई. आज मला बोलायचे आहे एका इंग्रजी शब्दाविषयी आणि या भोयाशी त्याची गाठ कशी पडली त्याविषयी. तो शब्द म्हणजे 'बॉय'.

'बॉय म्हणजे मुलगा' असे आपण शाळेत घोकले. गंमत अशी की जुन्या इंग्रजीत, सुमारे सातशे वर्षांपूर्वी, या शब्दाचा अर्थ चाकर किंवा हलक्या दर्जाचा माणूस असा होता. मुलगा हा अर्थ मागाहून रूढ झाला. पुढे इंग्रज आपल्याकडे आले. दक्षिणेत पालखी वाहणाऱ्यांना तेलुगूत 'बोयी' म्हणत. साहेबाच्या कानाला तो आपलाच शब्द वाटला! हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांच्या १८८६ सालच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात 'बॉय'चे दोन अर्थ दिले आहेत: एक घरचा नोकर आणि दुसरा पालखीचा भोई. भोई पन्नाशीचा असला, घरी नातवंडे असली, तरी साहेबाची हाक एकच, 'बॉय'.

इकडे गिरणगावात खरीखुरी मुलेच कामाला जुंपलेली होती. सूतकताईच्या खात्यात भरलेल्या बॉबिनी काढायच्या, रिकाम्या लावायच्या, हे चपळ बोटांचे काम मुलांकडे असे. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांसाठी दिवसाचे नऊ तास ठरवून दिले. नऊ तास, आणि ही सुधारणा होती! १८९१ मध्ये किमान वय नऊ झाले आणि नऊ ते चौदा वयाच्या मुलांना सात तास. १९२२ मध्ये वय बारा झाले आणि तास सहा. १९४८ च्या कायद्याने चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्याचे दार बंद केले. मूल कोणाला म्हणावे, हे ठरवायला कायद्याला अशी सदुसष्ट वर्षे लागली.

मुले कारखान्यातून बाहेर पडली, पण 'बॉय' राहिला. परळचे केईएम रुग्णालय १९२६ साली सुरू झाले. रुग्णालय कोणतेही असो, तिथे 'वॉर्ड बॉय' असतो, कचेरीत 'ऑफिस बॉय', चित्रपटाच्या सेटवर 'स्पॉट बॉय'. वय कितीही असो! दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली दादरच्या मेन रोडवर 'राजा हरिश्चंद्र'ची तयारी केली, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना हॉटेलात काम करणारा एक तरुण सापडला. हॉटेलात तो अनेकांतला एक होता. पडद्यावर आला आणि अण्णा साळुंके या नावाने इतिहासात राहिला.

नाव न घेता 'बॉय' म्हणण्याचा सल जगभर होता. अमेरिकेत गोरे लोक प्रौढ कृष्णवर्णीयांना 'बॉय' म्हणत. १९६८ साली मेम्फिस शहरातले सफाई कामगार संपावर गेले, तेव्हा त्यांच्या हातातल्या फलकांवर पगाराचा आकडा नव्हता. 'मी माणूस आहे' एवढेच लिहिले होते.

सगळा दोष इंग्रजीच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. आपला 'पोऱ्या' काय, 'गडी' काय, चहाच्या टपरीवरचा 'बारक्या' काय, जातकुळी तीच. मात्र आपल्याच बोलीने यावर तोडही काढली आहे. रुग्णालयात रुग्णाचे नातेवाईक 'वॉर्ड बॉय'ला मामा म्हणतात आणि आयाला मावशी. कागदोपत्री 'कक्षसेवक' हा शब्द आहेच, पण मध्यरात्री स्ट्रेचर हवे असते तेव्हा तोंडी येतो तो मामाच. ही हाक कोणत्याही कायद्याने शिकवलेली नाही.

मला वाटते, दिवसातून चारदा चहा आणून देणाऱ्या माणसाला एकदा त्याचे नाव विचारावे. फार तर मामा म्हणावे, काका म्हणावे. भोयाच्या खांद्यावरून पालखी केव्हाच उतरली. शब्दाचे ओझे तेवढे आपण उतरवायचे आहे.