आमवात आणि ‘मला जमेल’ हा भरवसा : औषधाच्या जोडीला लागणारी दुसरी गोष्ट

सकाळी उठल्यावर हाताची मूठ वळत नाही, बोटांच्या पेरांवर सूज, चहाचा कप धरतानाही कळ. हे दोन्ही हातांना सारखंच होत असेल, आखडलेपण अर्ध्या-एक तासाहून जास्त टिकत असेल आणि असं दीड महिना चालू असेल, तर ते खुरपणीचा शीण म्हणून सोडून देऊ नये. हा ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस असू शकतो. आपल्याकडे त्याला आमवात किंवा नुसता संधिवात म्हणतात. शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, असं या आजाराचं स्वरूप आहे. उतारवयात गुडघे झिजतात ते वेगळं. हा आजार तिशी-चाळिशीतही धरतो आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये दोन ते तीन पटीने जास्त दिसतो.

हा फक्त शहरातला आजार नाही. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने 1996 साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेचा सहभाग असलेल्या ‘कॉपकॉर्ड’ उपक्रमाचा तो भाग होता. प्रौढांपैकी सुमारे 18 टक्के लोकांना हाडं, सांधे, स्नायूंची तक्रार होती. खरा आमवात साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास होता. म्हणजे हजार प्रौढांच्या गावात पाचेक माणसं.

भरवसा म्हणजे नेमकं काय?

अल्बर्ट बँड्युरा हे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. त्यांनी 1977 मध्ये ‘सेल्फ एफिकसी’ ही कल्पना मांडली. एखादं ठराविक काम आपल्याला जमेल असा स्वतःवरचा विश्वास, हा तिचा साधा अर्थ. स्वभावाने धीट असणं वेगळं आणि हे वेगळं. एखाद्या बाईला चारचौघांत बोलायची भीती नसेल, पण ‘दुखत असताना भाकरी थापणं जमेल का’ या प्रश्नावर ती गप्प होईल. भरवसा कामागणिक बदलतो, म्हणून तो मोजताही येतो आणि वाढवताही येतो.

त्याच विद्यापीठात केट लोरिग यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस सांधेदुखीच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केला. आठवड्यातून एकदा दोन तास, असे सहा आठवडे. शिकवणारे बहुतेक डॉक्टर नव्हते, तर स्वतः सांधेदुखी भोगलेली साधी माणसं होती. व्यायाम, दुखणं हाताळायच्या युक्त्या, डॉक्टरांशी कसं बोलायचं, हे विषय.

वर्गाचा फायदा झाला. पण कारण शोधताना संशोधक चक्रावले. ज्यांनी व्यायाम जास्त केला त्यांचंच दुखणं जास्त कमी झालं, असं ठळकपणे दिसेना. रुग्णांशी बोलल्यावर कळलं की, ज्यांना ‘दुखण्यावर माझा थोडाफार ताबा आहे’ असं वाटू लागलं ते सुधारले होते. मग 1989 मध्ये लोरिग आणि सहकाऱ्यांनी हा भरवसा मोजायची 20 प्रश्नांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. चार वर्षांनंतरचा पाठपुरावा 1993 मध्ये आला. दुखणं सरासरी 20 टक्के कमी आणि डॉक्टरांकडच्या फेऱ्या 40 टक्के कमी, असं त्यात नोंदलं आहे.

या वर्गात झिजेच्या संधिवाताचेही बरेच लोक होते. खास ऱ्हुमॅटॉइडच्या रुग्णांवरचा एक छोटा अभ्यास 1988 मध्ये आला. त्यातही प्रशिक्षणानंतर भरवसा वाढला, दुखणं आणि सांध्यांची सूज कमी झाली.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेने 2002 च्या सुमारास अशाच धर्तीवर दीर्घ आजारांच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केले. तिथे भरवसा वाढला, अंगात उत्साहही वाटू लागला, पण दवाखान्याच्या फेऱ्या काही कमी झाल्या नाहीत. म्हणजे हा जादूचा मंत्र नाही.

भरवसा कशाने वाढतो?

बँड्युरांनी चार वाटा सांगितल्या. त्या आपल्या घरात अशा उतरतात :

1. स्वतः करून पाहणं. सगळ्यात पक्की वाट हीच. लक्ष्य लहान आणि ठराविक ठेवायचं. ‘रोज व्यायाम करीन’ असं मोघम नको. ‘या आठवड्यात चार दिवस, संध्याकाळी दहा मिनिटं बांधावरून चालेन’ असं. मग स्वतःला विचारायचं, शून्य ते दहात खात्री किती? सातच्या खाली आली तर लक्ष्य आणखी लहान करायचं.

2. आपल्यासारखीला करताना पाहणं. बचत गटात किंवा आळीत याच आजाराची दुसरी बाई कामं कशी उरकते ते पाहिलं की धीर येतो. तिचं औषध मात्र आपण घ्यायचं नाही.

3. विश्वासातल्या माणसाचा शब्द. ‘तुला काही होणार नाही’ यापेक्षा ‘काल तू निम्मी भाजी निवडलीस, आजही जमेल’ हे बोलणं कामाचं.

4. शरीराच्या खुणा नीट ओळखणं. हालचाल करताना थोडं दुखलं म्हणजे सांधा मोडला असं नाही. पण सांधा गरम, लाल, टरारून सुजलेला असेल तर तो विसाव्याचा दिवस समजायचा. त्या दिवशी जड काम बंद, फक्त हळुवार हालचाल.

कामाची पद्धत बदलणं हाही याचाच भाग आहे. खुरप्याच्या मुठीला चिंध्या गुंडाळून ती जाड करावी, म्हणजे बोटांवर ताण कमी येतो. भरलेली घागर एका हाताने उचलण्यापेक्षा दोन लहान कळशा करून, कोपरापर्यंतच्या हाताचा आधार देऊन उचलाव्यात. कणिक मळणं, धुणं, झाडलोट सगळं एका सकाळी न उरकता मध्ये विसावा घ्यावा. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बोटं उघडझाप केली की आखडलेपण सुटायला मदत होते.

घरच्यांकडून दोन टोकं होतात. एक, ‘बाईमाणसाला असतंच हे’ म्हणून दुर्लक्ष. दुसरं, ‘तू बस, काही करू नको’ म्हणून सगळी कामं काढून घेणं. दुसरं मायेपोटी असलं तरी त्याने ‘मी आता कामाची नाही’ ही भावना घर करते. कोणतं काम ठेवायचं आणि कोणतं सोडायचं, हे तिलाच विचारून ठरवावं.

औषधाला पर्याय नाही

भरवसा कितीही असला तरी सांध्यांची आतली नासाडी औषधाशिवाय थांबत नाही. उपचार जितका लवकर तितके सांधे वाचतात. रक्ताची ‘आरए फॅक्टर’ चाचणी निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही, असंही नसतं. निदान डॉक्टरांनी सांधे तपासूनच होतं.

नेहमी दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट हे औषध या आजारात आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. वार ठरवून तो कॅलेंडरवर लिहून ठेवावा. गरोदर असलेल्या किंवा मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या बाईने हे आधी डॉक्टरांना सांगावं. रक्ततपासण्या चुकवू नयेत. बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांनी दोन दिवसांत आराम पडतो, कारण काहींत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. हाडं ठिसूळ होणं, साखर वाढणं हे त्याचे परिणाम मागाहून दिसतात.

डॉक्टरांकडे जाताना तीन गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात : सकाळी आखडलेपण किती वेळ राहतं, कोणते सांधे सुजतात आणि रोजचं कोणतं काम अडतं. तपासणीला वेळ थोडा मिळतो, त्यात आपलं म्हणणं सुटत नाही.