खेळाडूचा देह आणि व्यंगरेषा

दादासाहेब फाळके यांनी ‘आगकाड्यांची मौज’मध्ये (१९१५) निर्जीव काड्यांना चैतन्य दिले, ‘स्पेस जॅम’चा (१९९६) प्रवास नेमका उलटा आहे. त्याचे बीज बुटांच्या जाहिरातपटात सापडते. १९९२ साली जो पिटका यांनी त्यात मायकेल जॉर्डन आणि बग्ज बनी यांना एकत्र आणले. पुढे चित्रपटही त्यांनीच दिग्दर्शित केला. जॉर्डन १९९३ मध्ये बास्केटबॉलमधून निवृत्त झाला, १९९५ मध्ये परतला. मधला अवकाश चित्रपटात व्यंगपात्रे भरून काढतात. अखेरच्या क्षणी त्याचा हात रबरासारखा ताणला जातो. मर्यादित देहाची झुंज हेच क्रीडेचे नाट्य मानले, तर ते येथे विसर्जित होते आणि खेळाडू विक्रेय रेषा बनतो. (बालप्रेक्षकाचा आनंदही याच ताणात आहे, हे नाकारता येत नाही.) ‘सावली प्रेमाची’मध्ये (१९८०) नायक झालेल्या सुनील गावसकरांना मात्र देहाबाहेर जाण्याची अशी सोय नव्हती.