काहीच वाया न घालवणारं शहर

फ्रान्सिस ट्रोलोप ही इंग्लिश लेखिका १८२८ साली सिनसिनाटीत राहायला आली, तेव्हा घर लावून झाल्यावर तिच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो केरकचऱ्याचा. घरमालकाला विचारलं तर उत्तर मिळालं, रस्त्याच्या मधोमध नेऊन टाका. पण मधोमधच हं, कडेला टाकायला कायद्याने मनाई आहे. मधोमध टाकला की डुकरं येतात आणि तो फस्त करतात. चार वर्षांनी अमेरिकी रीतिरिवाजांवर तिने लिहिलेलं पुस्तक गाजलं, त्यात हा प्रसंग आहे. अमेरिकी वाचक त्यावर भडकले. पण डुकरांचं तिने जे लिहिलं, ते खरंच होतं.

ओहायो राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, ओहायो नदीच्या काठी १७८८ साली ही वसाहत उभी राहिली. दोन वर्षांनी तिला सिनसिनाटी हे नाव मिळालं. समोरच्या तीरावर केंटकी. आसपासची जमीन मक्याला उत्तम, पण चिखलाच्या वाटांवरून मक्याची पोती गाडीत घालून शहरात आणणं शेतकऱ्याला परवडत नसे. त्याने हिशेब सोपा केला. मका डुकरांना घालायचा आणि हिवाळा तोंडावर आला की कळपच्या कळप हाकत शहराकडे न्यायचे. माल आपल्या पायांनी बाजारात चालत येई. बर्फाची यंत्रं निघायची होती, त्यामुळे कत्तलीचा धंदा थंडीतल्या महिन्यांचाच. मांस मिठात मुरवून पिंपात भरायचं आणि वाफेच्या बोटींनी नदीमार्गे थेट न्यू ऑर्लीन्सपर्यंत धाडायचं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला या धंद्यात सिनसिनाटीचा हात धरणारं शहर जगात नव्हतं. लोक त्याला 'पोर्कोपोलिस', म्हणजे डुकरांची राजधानी म्हणत.

कत्तलखान्यात एकेका माणसाच्या वाट्याला एकेकच काम असे. धड एका हातातून दुसऱ्या हातात सरकत जाई आणि सुरीचा प्रत्येक घाव ठरलेल्या जागीच पडे. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड, ज्याने पुढे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची रचना केली, तो हा वेग पाहून थक्क झाला आणि त्याने तो लिहून ठेवला. शिकागोच्या कत्तलखान्यांनी हीच पद्धत कित्येक पटींनी मोठी केली आणि हेन्री फोर्डने मोटारीचे भाग जुळवण्याची सरकती रांग उभारताना त्या शिकागोच्या कारखान्यांचा दाखला दिला. यंत्रयुगाच्या या वंशावळीत सिनसिनाटीचं नाव सहसा घेतलं जात नाही. ते घ्यायला हवं.

मांस गेल्यावर उरलेल्याचं काय करायचं? शहराचा पुढचा इतिहास या प्रश्नातून निघतो. राठ केसांचे ब्रश झाले, कातड्याचं चामडं झालं, खुरांपासून सरस निघाला. आणि चरबी? ती तर ढिगांनी होती. विल्यम प्रॉक्टर हा इंग्लंडहून आलेला मेणबत्त्या करणारा, जेम्स गॅम्बल हा आयर्लंडहून आलेला साबण करणारा. दोघांनी नॉरिस घराण्यातल्या दोन सख्ख्या बहिणींशी लग्नं केली. दोघांनाही कच्चा माल म्हणून चरबीच लागते आणि दोघं एकाच बाजारात ती विकत घेतात, हे सासऱ्याच्या लक्षात आलं. जावयांनी एकमेकांवर कुरघोडी करण्यापेक्षा भागीदारी करावी, हा सल्ला त्याचा. १८३७ साली प्रॉक्टर अँड गॅम्बलची सुरुवात झाली. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याला साबण आणि मेणबत्त्या पुरवून कंपनी मोठी झाली. १८७९ साली तिने आयव्हरी हा पांढरा साबण आणला. तो पाण्यावर तरंगायचा आणि जाहिरातीत तेच ठासून सांगितलं जायचं. पुढे चरबीची जागा सरकीच्या तेलाने आणि मग रसायनांनी घेतली. महाराष्ट्रातल्या घराघरांत टाईड आणि एरियलची पाकिटं नि व्हिक्सची डबी असते, त्यांची मालक कंपनी ती हीच. तिचं मुख्यालय आजही सिनसिनाटीतच आहे.

यादवी युद्धाच्या सुमारास रेल्वेच्या जोरावर शिकागोने हा धंदा हिसकावून घेतला आणि डुकरांचं नाव काढणं सिनसिनाटीच्या प्रतिष्ठितांना नकोसं झालं. १९८८ साली शहराची दोनशे वर्षं साजरी करताना अँड्र्यू लेस्टर या शिल्पकाराने नदीकाठच्या बागेच्या प्रवेशद्वारावर पंख असलेली चार डुकरं बसवायचं योजलं, तेव्हा शहरात चांगलंच वादळ उठलं. कुणाला तो शहराचा अपमान वाटला, कुणाला शहराचा खरा चेहरा. शेवटी डुकरं बसली, तीही बोटींच्या धुराड्यांसारख्या खांबांवर. १९९९ पासून इथे दरवर्षी जी मॅरेथॉन होते, तिचं नावही 'फ्लाइंग पिग'. ज्या श्रमावर शहर उभं राहिलं त्याची लाज सोडायला लोकांना सव्वाशे वर्षं लागली.

डुकरांच्या धंद्याच्याच काळात, १८२५ पासून, शहराला जोडणारा मायामी-एरी कालवा खणला जाऊ लागला. चार वर्षांत डेटनपर्यंत, आणि १८४५ मध्ये एरी सरोवराकाठच्या टोलेडोपर्यंत त्याचा मार्ग खुला झाला. घोडे नि खेचरं काठावरून चालत दोरांनी नावा ओढत. कालव्याच्या उत्तरेला जर्मन स्थलांतरितांनी दाटीवाटीने घरं बांधली. दिवसभर दक्षिणेकडे काम करून संध्याकाळी पूल ओलांडून घरी जाणं म्हणजे जणू ऱ्हाइन नदी ओलांडून मायदेशी जाणं, म्हणून त्या वस्तीचं नाव पडलं 'ओव्हर-द-ऱ्हाइन'. तिथे जर्मन वर्तमानपत्रं निघत, जर्मन शाळा, गायनमंडळं, व्यायामशाळा चालत. बीअरचे कारखाने तर गल्लोगल्ली. बीअर थंडाव्यात मुरावी म्हणून त्यांनी जमिनीखाली विटांच्या कमानींची खोल तळघरं बांधली, त्यांतली कितीतरी अजून शाबूत आहेत.

या जर्मनांच्या स्वयंपाकघरातून आलेला 'गेटा' आजही शहराच्या न्याहारीत आहे. डुकराच्या, कधी त्यात गायीच्या, मांसाचे उरलेसुरले तुकडे, भरपूर पाणी, ओटचा जाड भरडा, कांदा आणि मसाला तासन्‌तास शिजवायचा. घट्ट झालं की साच्यात ओतून गार करायचं आणि सकाळी वड्या कापून तव्यावर खरपूस परतायच्या. कोथिंबीरवडी जशी आधी वाफवून मग तळतात, तशीच ही दोन वेळच्या विस्तवाची रीत. थोड्या मांसात मोठं कुटुंब जेवावं, हा त्यामागचा शहाणपणा. नदीपलीकडच्या कव्हिंग्टन गावात १९४६ साली सुरू झालेला ग्लायर्स हा कारखाना वर्षाला दहा लाख पौंडांहून अधिक गेटा करतो, आणि त्यातला बहुतेक सगळा याच पंचक्रोशीत संपतो. शंभर-दोनशे मैलांवरच्या माणसाला विचारलं तर त्याने नावही ऐकलेलं नसतं.

पहिल्या महायुद्धात मात्र जर्मन असणं हाच गुन्हा ठरला. १९१८ साली रस्त्यांची नावं बदलली. ब्रेमेन रस्ता रिपब्लिक झाला, जर्मन रस्ता चक्क इंग्लिश झाला. शाळांतून जर्मन भाषा गेली. पाठोपाठ दारूबंदी आली आणि बीअरच्या कारखान्यांना कुलपं लागली. वस्तीचे प्राण ज्यावर होते ते दोन-तीन वर्षांत गेलं.

तोवर कालवाही मेला होता. रेल्वेपुढे नावांचा टिकाव लागला नाही आणि साचलेल्या पाण्याला दुर्गंधी सुटली. शहराला कल्पना सुचली की पाणी काढून त्याच खोदलेल्या पात्रात भुयारी रेल्वे बसवावी आणि वर छप्पर घालून रुंद रस्ता करावा. खोदाईचा मोठा खर्च आपोआप वाचणार होता. १९१६ साली मतदारांनी साठ लाख डॉलरचं कर्ज उभारायला कौल दिला. मग युद्ध आडवं आलं. १९२० साली काम सुरू झालं, तोवर लोखंड, सिमेंट, मजुरी, सगळ्यांचे भाव चढले होते. १९२७ पर्यंत पैसा संपला. दोन मैलांहून लांब बोगदे आणि फलाटांसकट स्थानकं तयार झाली, पण रूळ कधी पडलेच नाहीत. वरचा रस्ता, सेंट्रल पार्कवे, १९२८ साली थाटात खुला झाला. खालून आजतागायत एकही गाडी धावलेली नाही. कर्ज फिटायला १९६६ साल उजाडलं.

या बोगद्यांना अमेरिकेत अपयशाचा नमुना म्हणून मिरवायची पद्धत आहे. ते अर्धसत्य आहे. १९५०च्या दशकात त्यांतून मोठी जलवाहिनी नेली, नंतर दूरसंचाराच्या केबल टाकल्या. शीतयुद्धात एका स्थानकात अणुहल्ल्यापासून आसरा घेण्याची सोय केली. आधी कालवा, मग बोगदा, आता शहराच्या नळाला येणारं पाणी. मोटारींच्या लाटेत पैसा आणि उत्साह दोन्ही आटले नसते तर गोष्ट वेगळी झाली असती, हे खरं. पण खणलेला खड्डा या शहराने फुकट जाऊ दिला नाही.

नदीकाठची सपाटी अपुरी पडली तशी माणसं भोवतालच्या टेकड्यांवर चढली. १८७२ पासून टेकड्यांवर तिरके रूळ घातले गेले. त्यांवरून वाफेच्या यंत्राने ओढलेले पाळणे घोड्यांच्या ट्राम अख्ख्याच्या अख्ख्या वर नेत. असे पाच चढरस्ते झाले. शेवटचा, माउंट ॲडम्सचा, १९४८ साली थांबला. पायऱ्या मात्र राहिल्या. शहरभर आजही सुमारे चारशे सार्वजनिक जिने आहेत. माउंट ॲडम्सवर १८६० साली पूर्ण झालेलं कॅथलिक चर्च आहे. गुड फ्रायडेला हजारो भाविक तिथे प्रत्येक पायरीवर थांबून एक प्रार्थना म्हणत वर चढतात. ही प्रथा दीडशे वर्षांहून जुनी. चढायला अर्ध्या रात्रीपासून रांग लागते आणि पाऊस असो की बर्फ, ती मोडत नाही.

वर्षाचा दुसरा सण बेसबॉलचा. १८६९ साली सिनसिनाटीच्या रेड स्टॉकिंग्जने सगळ्या खेळाडूंना उघडपणे पगार दिला. तसा हा पहिलाच संघ. त्या हंगामात तो एकही सामना हरला नाही. हंगामाच्या पहिल्या दिवशी १९२० पासून फिंडले मार्केटचे व्यापारी मिरवणूक काढतात आणि त्या दिवशी पोरांच्या शाळा बुडाल्या तरी कुणी फारसं रागावत नाही. हे मार्केट १८५०च्या दशकातलं, लोखंडी सांगाड्याचं. ओहायोत सलग चालू असलेला एवढा जुना सार्वजनिक बाजार दुसरा नाही.

१९२२ साली मॅसेडोनियाहून आलेल्या किराजिएफ बंधूंनी एम्प्रेस नाट्यगृहाशेजारी खाणावळ थाटली. त्यांनी आपल्याकडचा खिम्याचा रस्सा टेक्ससच्या 'चिली'च्या नावाखाली विकायला काढला. त्यात दालचिनी, लवंग, जिरं असे मसाले होते. टेक्ससच्या माणसाला हा अधर्म वाटला असेल, पण मराठी जिभेला त्याची ओळख लगेच पटावी. तो रस्सा स्पॅगेटीवर ओतून वर किसलेल्या चीजचा डोंगर रचायचा, की झाली 'थ्री-वे'. कांदा किंवा घेवड्याच्या बिया यांतलं एक घातलं तर 'फोर-वे', दोन्ही घातली तर 'फाइव्ह-वे'. पुढे १९४९ साली निकोलस लॅम्ब्रिनिडीस या ग्रीक स्थलांतरिताने स्कायलाइन सुरू केलं, १९६५ साली जॉर्डनहून आलेल्या दाऊद बंधूंनी गोल्ड स्टार. शहराची ओळख म्हणून मिरवणारा पदार्थ असा बाल्कन आणि अरबी माणसांच्या हातांनी घडला.

१९३३ साली शहराच्या पश्चिमेला युनियन टर्मिनल उभं राहिलं. अर्ध्या घुमटाखालचं ते भव्य स्थानक दिवसाला २१६ गाड्यांसाठी बांधलं होतं. दालनांच्या भिंतींवर विनोल्ड राइस या जर्मन वंशाच्या कलावंताने काचेच्या तुकड्यांतून चित्रं रचली. त्यांतल्या चौदा चित्रांत शहरातले खरेखुरे कामगार त्यांच्या यंत्रांपाशी उभे आहेत. साबण करणारे, मांस कापणारे, पियानो बनवणारे. १९७२ साली प्रवासी गाड्या बंद झाल्या आणि फलाटांवरचं लांब दालन पाडायचं ठरलं. तेव्हा लोकांनी धावपळ करून ती अवजड चित्रं भिंतीसकट उचलली आणि विमानतळावर नेऊन ठेवली. इमारतीत आधी बाजारसंकुल करून पाहिलं, ते चाललं नाही. १९९० पासून तिथे संग्रहालय आहे, आणि १९९१ पासून आठवड्यातून तीन दिवस येणारी एक आगगाडीही.

भिंतींवरच्या कामगारांना वाचवणाऱ्या याच शहराने टर्मिनलसमोरची जितीजागती माणसं मात्र हलवून टाकली होती. वेस्ट एंड या वस्तीच्या खालच्या भागात दक्षिणेतून आलेली कृष्णवर्णीय कुटुंबं राहत, कारण इतर वस्त्यांत त्यांना घर मिळत नसे. तिथे त्यांची चर्चेस, दुकानं, शाळा होत्या. १९४८च्या नगर आराखड्याने या भागावर 'जीर्ण' असा शिक्का मारला. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून केन्यन-बार योजनेखाली सुमारे २५ हजार माणसं उठवली गेली. ती जवळजवळ सगळी कृष्णवर्णीय होती. घरं पाडून महामार्ग आणि गोदामं केली, आणि भागाचं नावही बदलून क्वीन्सगेट ठेवलं. पर्यायी घरांची वचनं पुरती पाळली गेली नाहीत. कुटुंबं ॲव्हनडेलसारख्या आधीच भरलेल्या वस्त्यांत जाऊन कोंबली गेली.

पाडण्याआधी नगरपालिकेने एकेका इमारतीचा फोटो काढला होता. दाराशी एक माणूस क्रमांकाची पाटी धरून उभा, मागे खिडकीतून बघणारी मुलं, पायरीवर बसलेली आजी, कोपऱ्यावरचा किराणा. नुकसानभरपाईच्या हिशेबासाठी काढलेल्या या सुमारे २,८०० छायाचित्रांचा संच आज संग्रहालयाच्या ग्रंथालयात आहे. त्यांची प्रदर्शनं भरली, तेव्हा तिथले जुने रहिवासी आपापलं घर शोधत आले. एकेका पाटीमागची इमारत कुणाची होती, तळमजल्यावर कोण राहायचं, कुणाच्या दुकानात उधारी चालायची, ही माहिती त्यांच्याकडून मिळत गेली आणि नुसत्या क्रमांकांना नावं लागली. २०२३ साली नगर परिषदेने ठराव करून या विस्थापनाची अधिकृत माफी मागितली. भरपाई कशी आणि कुणाला द्यायची, हे सांगायला ही छायाचित्रं आणि ती ओळखणारी माणसं अजून हाताशी आहेत.