पाकोळी, कबूतर आणि कुसू

परवा रोह्याच्या जुन्या घराची पुढची चौकट उतरवली. पेणहून आलेल्या सुतारकाकांनी आधी पाचर ठोकून बाहेर काढली आणि उभं लाकूड उंबऱ्यातून अलगद सुटलं. आत एक खिळा नाही! "कुसवाला काही झालेलं नाही बघा," काका म्हणाले. (उंबऱ्यात कोरलेली खाच म्हणजे साल, तिच्यात बसणारी जीभ म्हणजे कुसू.) त्यांच्या हाताखालचा मुलगा आयटीआय झालेला. तो म्हणाला, "म्हणजे टेनन ना, काका?"

गंमत अशी की टेनन हा शब्द मुळात इंग्रजांचा नाहीच. १०६६ नंतर इंग्लंडवर नॉर्मन राजे आले आणि पुढच्या काही शतकांत फ्रेंच शब्दांची रीघ लागली. त्यांत मॉर्टिस आणि टेनन दोन्ही आले. फ्रेंचमध्ये 'तनीर' म्हणजे धरणे, त्यावरून टेनन. सांधे तिथले सुतार आधीही करतच होते, नावं तेवढी बदलली.

पण काही ठिकाणी इंग्रजांनी आपलंच चालवलं. खणाच्या कोपऱ्यातल्या पसरट दातांना फ्रेंच सुतार 'क्यू दारोंद' म्हणतो, म्हणजे पाकोळीची शेपटी. जर्मनांचीही पाकोळीच. इंग्रजांनी मात्र कबूतर बसवलं, डव्हटेल! मला विचाराल तर इंग्रज बरोबर. पाकोळीची शेपटी दुभंगलेली असते, आणि तो दात एकसंध पसरलेला.

दुसरा मासला. दोन लाकडं लांबीत जोडायच्या नागमोडी सांध्याला फ्रेंच नाव 'त्रे द झ्युपितेर'. कोश उघडून भाषांतर केलं तर 'गुरूची रेघ' होईल! ज्युपिटर म्हणजे इथे वीज फेकणारा देव, आपल्याकडचा इंद्रच. तेव्हा 'वज्रसांधा' म्हणावं. इंग्रजीत नुसतं स्कार्फ, वीजबीज सगळी गळाली.

ही फ्रेंच नावं टिकली याला एक कारण, सुतारांनी ती स्वतः लिहिली. पॅरिसच्या आंद्रे-जाकोब रूबोचा सुतारकामावरचा ग्रंथ १७६९ पासून खंडाखंडाने निघाला. तो सुतारच होता. त्यातला जडावकामाचा भाग इंग्रजीत यायला २०१३ उजाडलं, पण यायला मुळात कागदावर होता तरी. आमच्या काकांचे शब्द कुठे आहेत? त्यांच्या तोंडात. आणि तो मुलगा टेनन म्हणतो.

संध्याकाळी चहा घेताना वही घेऊन बसलो. "काका, वासा वाशाला लांबीत जोडता, त्याला काय म्हणता?"

"जोड म्हणतो. आणखी काय म्हणायचं?"

तेही लिहून घेतलं.