सेवाग्रामचा वारसा आणि तो सांगणारे

वर्धा शहराजवळच्या सेवाग्राम आश्रमात डोळे दिपवणारे काहीही नाही. मातीच्या भिंती, बांबू, कवेलूंची छपरे आणि शेणाने सारवलेली जमीन एवढेच तिथे दिसते. रायगड किंवा अजिंठा न सांगताही पाहणाऱ्याला थांबवतो. सेवाग्राम मात्र कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी इथे आले, तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. 1940 मध्ये ते सेवाग्राम झाले. घर आसपास मिळणाऱ्या साहित्यातच बांधावे आणि खर्च शंभर रुपयांपुढे जाऊ नये, अशी त्यांची अट होती. त्यातून आदी निवास उभा राहिला. पुढे बापू कुटी म्हणून प्रसिद्ध झालेली झोपडी मुळात गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांची. साप न मारता पकडून दूर सोडण्याची पेटी आणि व्हाइसरॉयला संपर्क साधता यावा म्हणून बसवलेला टेलिफोन या एकाच आवारात का आहेत, हे जाणकाराकडून ऐकल्यावरच त्या वस्तू बोलू लागतात. 25 ऑगस्ट 1946 रोजी गांधीजींनी आश्रम सोडला. ते परत आले नाहीत.

पुढची अनेक वर्षे त्यांच्या सहवासातली माणसेच हे सारे सांगत. ती पिढी गेली आणि सांगण्याचे काम कार्यकर्त्यांकडे, वाटाड्यांकडे आले. वारसा उलगडून सांगणे हा तोवर जगभर एक स्वतंत्र व्यवसाय बनू लागला होता. अमेरिकेतील फ्रीमन टिल्डन यांनी 1957 च्या आपल्या पुस्तकात त्याची तत्त्वे मांडली. 2008 मध्ये इकोमॉस या स्मारकांच्या जतनासाठीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याची सनद स्वीकारली. फलकांचा मजकूर लिहिणे, पाहणीचा क्रम ठरवणे, वाटाडे घडवणे ही कामे स्वतंत्र सल्लागार करतात. त्यांना पगार नसतो. काम मिळेल तेव्हा मोबदला, एवढाच व्यवहार.

कोरोनाच्या महासाथीने स्थळ आणि पाहणारे यांच्यातला नेमका हाच दुवा तोडला. 17 मार्च 2020 पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची स्मारके बंद झाली, 25 मार्चला देशभर टाळेबंदी लागू झाली. सहली थांबल्या, तशी नवी कामेही थांबली. दुसऱ्या लाटेत, 16 एप्रिल ते 15 जून 2021 या काळात, स्मारकांना पुन्हा टाळे लागले. पडद्यावरून फेरफटका घडवण्याचे प्रयोग अनेक ठिकाणी झाले, पण ठेंगण्या दारातून वाकून आत जाण्याचा अनुभव पडद्यावर येत नाही.

सेवाग्रामला सांगण्यासारखे मात्र त्याच साथीच्या काळात सर्वाधिक होते. याच आश्रमात परचुरे कुटी आहे. कुष्ठरोगामुळे समाजाने दूर केलेले संस्कृत पंडित परचुरेशास्त्री तिथे राहिले आणि गांधीजी स्वतः त्यांना मालिश करीत. जवळच दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी 1936 मध्ये कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केले होते. आश्रमाच्या कस्तुरबा रुग्णालयाशी जोडलेले वैद्यकीय महाविद्यालय 1969 मध्ये निघाले आणि कोरोनाच्या रुग्णांवर तिथेही उपचार झाले. रोग्याला वाळीत टाकायचे की जवळ घ्यायचे, या प्रश्नाला या जिल्ह्याने दिलेले उत्तर भेटींच्या घाईत बहुधा मागे पडते. पाहणीचा क्रम नव्याने आखताना परचुरे कुटीला अग्रस्थान मिळायला हवे, आणि ती कथा सांगणाऱ्यांना निश्चित मानधनही.