गाईतील गर्भवाढ व जननेंद्रियांचा विकास

गाईच्या अंडवाहिनीत फलन झाल्यापासून वासरू जन्माला येईपर्यंत गर्भाच्या आकारात, वजनात व अवयवांत होणाऱ्या बदलांना गर्भवाढ म्हणतात. गाईत हा काळ सुमारे 280 दिवसांचा, तर डुकरिणीत अवघा 114 दिवसांचा असतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या पर्जन्यछायेतील गावात 1990 नंतर पाणलोटाची कामे व चराईबंदी झाली, डोंगरावरचे गवत कापून गोठ्यात आणण्याची पद्धत रुळली आणि रोजचे दूध सुमारे 150 लिटरांवरून चार हजार लिटरांच्या घरात गेले. अशा गावात गाय वेळेवर गाभण राहणे आणि तिच्या पोटी धड कालवड निपजणे यावर घरोघरचा हिशेब अवलंबून असतो.

फलित अंड चौथ्या-पाचव्या दिवशी गर्भाशयात उतरते आणि सुमारे सहा आठवड्यांत त्याचे मुख्य अवयव आकाराला येतात. वजन मात्र मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत वाढते, म्हणून विण्यापूर्वी दोन महिने गाईचे दूध आटवतात. नुसत्या कडब्यावर राहिलेल्या गाभण गाईला हिरव्या चाऱ्यातून मिळणारे अ जीवनसत्त्व कमी पडते व त्यातून अशक्त वा आंधळे वासरू जन्मणे, वार अडकणे असे विकार उद्भवतात. टंचाईच्या वर्षातील चाऱ्याचा प्रश्न केवळ दुधाचा नसतो तो यामुळे.

प्रारंभी नर व मादी गर्भांची जननांगे सारखीच असतात, कारण दोहोंत नलिकांच्या दोन जोड्या असतात. नर गर्भात वाय गुणसूत्रावरील जनुकामुळे सुमारे चाळिसाव्या दिवशी वृषण घडू लागतात. त्यांच्या एका संप्रेरकाने गर्भाशयाचे मूळ असलेली जोडी विरते, तर टेस्टोस्टेरोनमुळे दुसरीपासून रेतवाहिन्या बनतात. मादी गर्भात पहिली जोडी टिकून तिच्यापासून अंडवाहिन्या, गर्भाशय व योनीचा आतील भाग तयार होतो. अंडाशयातील बीजपेशी चौथ्या महिन्याच्या सुमारास वीस लाखांहून अधिक भरतात, पण त्यांतील बहुतेक जन्मापूर्वीच नष्ट होतात आणि पुढे नव्या होत नाहीत, म्हणजे कालवडीची आयुष्यभराची शिदोरी आईच्या पोटातच ठरलेली असते.

या क्रमातील सर्वांत लक्षणीय विकृती जुळ्यांत दिसते. गोऱ्हा व कालवड एकाच वेळी गर्भाशयात असल्यास बहुधा दोघांच्या वारेतील रक्तवाहिन्या दुसऱ्या महिन्याच्या आसपास जोडल्या जातात, भावाची संप्रेरके व रक्तपेशी बहिणीच्या शरीरात शिरतात आणि तिचे अंडाशय व गर्भाशय खुंटतात. अमेरिकी भ्रूणवैज्ञानिक फ्रँक लिली यांनी 1916–17 मध्ये याचा उलगडा केला. अशा दहापैकी नऊंहून अधिक कालवडी वांझ निघतात. डुकरिणीला एका वेताला आठ-दहा पिले असूनही हा दोष क्वचितच आढळतो, कारण तिच्या गर्भांच्या वारा सहसा एकमेकींत मिसळत नाहीत.

बाहेरून अशी कालवड इतरांसारखीच दिसते, त्यामुळे माज न दाखवणाऱ्या जनावरावर दोन-तीन वर्षांचा चारा खर्ची पडतो. तपासणी मात्र सोपी आहे: पहिल्या महिन्यात पशुवैद्य बोथट टोकाची, वंगण लावलेली निर्जंतुक नळी योनीत हलकेच सारून पाहतो. निरोगी कालवडीत ती साधारण 12 ते 15 सेंमी आत जाते, वांझ जुळीत त्याच्या निम्म्यावर अडते. शंका उरल्यास रक्तातील नर पेशींची चाचणी करतात. जुळ्या गोऱ्ह्याच्या जननेंद्रियांची घडण मात्र सहसा बिघडत नाही.